खोकल्यावरचा काढा

कंपनीने बेलापूरचं ऑफिस बंद केलं त्याला सव्वा महिना झाला, तरी बायकोला सांगायचं उदयसिंहरावांच्या जिवावर येत होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता त्यांनी शशिकलाबाईंना सांगितलं ते भलतंच. म्हणे, काम आता घरूनच. मग रोज दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते नवीन पनवेलच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरपुढे बसू लागले.

त्यावर फुकटचं लिनक्स होतं आणि एकाच पडद्यावर चार डेस्कटॉप. पहिल्यावर कंपनीचा जुना मालाचा तक्ता, ज्याला आता कुत्रं विचारत नव्हतं. दुसऱ्यावर नोकरीचे अर्ज. बायको आली की कंट्रोल, आल्ट आणि बाण दाबायचा. अर्ज गायब, तक्ता हजर.

पहिल्याच आठवड्यात हॉलमधला टीव्ही बिघडला. दुरुस्ती परवडणारी नव्हती, म्हणून रावांनी माळ्यावरचा जास्तीचा मॉनिटर तिथे मांडला, आतल्या कॉम्प्युटरपासून लांब वायर ओढली आणि बायकोला सकाळची भजनं लावून दिली. तेव्हापासून कॉम्प्युटर मात्र रुसला. मेलला जोडून आलेली उत्तरं उघडायला जावं तर निम्मी उघडतच नसत. जुनं मशीन, दुसरं काय, असं म्हणून राव पुढचा अर्ज धाडत आणि न उघडलेल्या पत्रांवर आशा ठेवून दिवस काढत.

त्यातच शशिकलाबाईंना खोकला जडला. नेमकी उंबऱ्याशी उबळ यायची, आणि तेवढ्यात रावांचा बाण दाबून व्हायचा. बायकोचं दुखणं आपल्या पथ्यावर पडतंय याची त्यांना फार लाज वाटे. म्हणून दोन वेळा ते स्वतः अडुळशाचा काढा उकळून देत. बाई मुकाट पीत. डॉक्टर झाले, एक्स-रे झाला, छाती स्वच्छ निघाली. रावांनी काढा दाट केला.

बुधवारी मोरा बंदरावरच्या कोळीण गंगाबाई मासे घेऊन दारात बसल्या होत्या. राव पाणी प्यायला बाहेर आले तशा त्या हॉलमधल्या मॉनिटरकडे बघत हळूच म्हणाल्या, “सायेब, जासयच्या कंटेनर यार्डात माजा सख्खा भाव कामाला हाय. तुमच्या नोकरीचं इचारू काय?”

राव वळले. त्यांची नजर मॉनिटरवर गेली. भजन संपलं होतं आणि तिथे पत्रांवर पत्रं उघडी पडली होती, सगळी नकाराची. न उघडणारी पत्रं महिनाभर हॉलमध्ये उघडत होती. बाण दाबला की बदलायचा तो फक्त आतला पडदा. बाहेरचा जिथल्या तिथे.

माशांसाठी ताट घेऊन शशिकलाबाई स्वयंपाकघरातून आल्या.

“तुला कधीपासून माहीत आहे?” रावांनी विचारलं.

“दुसऱ्या आठवड्यापासून. म्हटलं, सांगतील आपणहून.”

“आणि खोकला?”

“तुम्हाला ते बटण दाबायला वेळ नको का मिळायला? एकदा अशीच आत आले, तर तुमची बोटं बटण शोधत नुसती धडपडत होती. बघवलं नाही मला.”

राव स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर दुपारचा काढा निवत ठेवला होता. तो पेला घेऊन ते हॉलमध्ये त्या पत्रांसमोर बसले आणि स्वतःच प्यायले. जहर कडू होता.