अंगठ्याचं बाळंतपण

सिस्टरबाईंच्या उजव्या पायाच्या प्रत्येक चपलेला, बुटाला, एवढंच काय, पावसाळी गमबुटालासुद्धा एक खिडकी होती. गोल, रुपयाएवढी, ब्लेडनं कापलेली. अंगठ्याच्या मुळाशी वाढलेलं हाडाचं टेंगूळ तिच्यातून बाहेर डोकावायचं. बाई त्याला 'जावई' म्हणायच्या.

"घरात घुसला, बाकीच्याईले कोपऱ्यात ढकललं, अन् वरून मानपान पाह्यजे. जावई नाई तं काय?"

खरंच होतं ते. त्या अंगठ्यानं शेजारच्या दोन बोटांना असं रेटलं होतं, की आलापल्लीच्या शेवटच्या मोटारीतल्या प्रवाशांसारखी ती एकमेकांच्या मांडीवर बसली होती.

बाई आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्स, मी शाळामास्तर. दोघांच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत. जिथं जायला वाघही दोनदा विचार करतो, तिथं बाई नाला ओलांडून, डोक्यावर औषधांची पेटी घेऊन जायच्या. त्यांच्या पायाखाली तीस वर्षांत जेवढी वाट गेली, तेवढ्यात माणूस काशीला जाऊन आला असता, आणि तेही उलट्या पावलांनी चालत. पंचक्रोशीतले निम्मे लोक त्यांच्याच हातात पहिल्यांदा रडलेले. "जोर लाव, माय!" ही त्यांची हाक. बाळंतिणीला तर म्हणायच्याच, पण चिखलात रुतलेल्या मोटारीला, कोरड्या हँडपंपाला आणि एकदा सही करताना अडखळलेल्या साहेबालाही त्यांनी हेच सांगितलं. साहेबानं सही केली.

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापानं गेला.

जावयानं चालणं अगदीच अडवलं, तेव्हा नागपूरचा डॉक्टर म्हणाला, आता मोठा चिरा लागत नाही. बारीक भोकं पाडून आतलं हाड कापतो, सरळ करतो, स्क्रू बसवतो. त्याच दिवशी घरी. बाई तरी वर्षभर टाळत राहिल्या. एकदा भिंतीपलीकडून म्हणाल्या, "मास्तर, मी जातो म्हणून माणसं भेटतेत मले. मी बसली तं कोण येईल माह्या दारात?"

मी म्हटलं, "सगळं गाव येईल." मास्तर माणूस, न शिकलेलंही ठोकून देतो.

ऑपरेशन झालं. हुकूम आला: दोन आठवडे पाय छातीच्या वर, दिवसातून चार वेळा बर्फ, पट्टी ओली होऊ द्यायची नाही, आणि दीड महिना उठायचं तर कडक तळाचा एक भलामोठा बूट घालून, टाचेवर भार देऊन, संडासापर्यंत. बूट असा, की त्याला वल्हं लावलं असतं तर तलाव ओलांडता आला असता.

पाच दिवस कुत्रंही फिरकलं नाही. सगळ्यांना वाटलं, नर्सला काय कमी. आणि आपण गेलो तर सुई टोचेल. राहिलो मी. उशा रचायच्या, भात टाकायचा, शाळा करायची, आणि बर्फ आणायचा. आमच्या गावात बर्फ कुठला? फक्त मासळीवाल्याच्या पेटीत. तो मी डब्यात आणायचा, कापडात गुंडाळून पायाला लावायचा. तिसऱ्या दिवशी बाईंच्या पायाला रोहू माशाचा वास यायला लागला आणि बाजेभोवती सात मांजरं हात जोडून बसली. मी इतका थकलो होतो, की शाळेत हजेरी घेताना स्वतःचंच नाव पुकारलं आणि स्वतःच गैरहजर मांडलं.

बाई मात्र दाराकडं बघत पडलेल्या. "तीस वर्साचं चालणं एकदमच अंगात आलं बावा," एवढंच बोलल्या.

सहाव्या दिवशी भागरथाबाई आली. गावची म्हातारी सुईण. तीस वर्षं बाईंशी भांडत आणि बाईंच्याच सोबत बाळंतपणं करत आलेली.

"किती दिस निजाले सांगतलं डाक्टरनं?"

"दीड महिना."

"म्हंजे सव्वा महिनाच की वो!" म्हातारीनं बोटं मोजून हिशेब पक्का केला. "अंगातून हाड काढलं, रगत गेलं, सव्वा महिना बाज. मंग हे बाळंतपण नाई तं काय? अन् मले कोनं सांगतलंच नाई!"

बस्स. दुसऱ्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नाही. डिंकाचे लाडू आले, अळिवाची खीर आली, कानाला फडकं बांधलं गेलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकली.

"अवो, डाक्टरनं बर्फ सांगतला!" बाई ओरडल्या.

"डाक्टर कोनाच्या हातचा झाला? सुईणीच्याच ना? निज गुमान!"

शेवटी तह झाला. अंगठ्याला बर्फ, कमरेला शेक. वरच्या अंगात वैशाख, खालच्या अंगात हिमालय. टाके निघाले त्या दिवशी बायांनी अंगठ्याचं बारसंच केलं. नाव काय ठेवायचं? जावई तर गेला. बाई हसत हसत थांबल्या आणि म्हणाल्या, "लेक म्हणा."

कुणी तरी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मांजरंही होती.

दीड महिन्यानंतर मीच त्यांना नागपूरला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाला, हाड जुळलं. सूज थोडी राहील काही महिने, पण बूट काढा, चाला. परतताना बाई मोटारीत तो भलामोठा बूट मांडीवर घट्ट धरून बसल्या. मला वाटलं, थकल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नव्या चपला घेऊन गेलो. उजवीला खिडकी नसलेल्या, जन्मातल्या पहिल्या. बघतो तर बाई बाजेवर, कानाला फडकं, पाय तीन उशांवर, पायाला जाडजूड पट्टी. भोवती चार बाया, लाडवांचा डबा उघडा.

"अजून ठणकून राह्यलं वो," बाई कण्हत होत्या.

मी उशांकडं बघितलं. पट्टी डाव्या पायाला होती.

उजवा, सरळ अंगठ्याचा, भोकांचे बारीक वण असलेला, पांघरुणाखालून थोडासा बाहेर आला होता. बाईंनी माझी नजर बघितली आणि तो हळूच आत ओढून घेतला.

"मास्तर, काऊन उभे राह्यले?"

"काही नाही. उशी घसरली होती." मी डाव्या पायाखालची उशी वर सारली आणि चपला बाजेखाली ढकलल्या.

भागरथाबाई शेगडीवर फडकं गरम करत होती. आयुष्यभर हाताच्या स्पर्शानं पोटातलं बाळ आडवं की उभं सांगणारी बाई ती. तिनं माझ्याकडं बघितलं, पट्टीकडं बघितलं, आणि ते फडकं त्या धडधाकट डाव्या पायावर अलगद ठेवलं.

"बाळंतीण कच्ची हाये अजून," ती बायांना म्हणाली. "पंधरा दिस येत जा वो सगळ्या."