व्यसनमुक्तीस अपात्र दिपमाला

श्रीमती मोहनबाई सोहनलाल कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला शिकणारी दिपमाला पंडित बोरसे हिला मोबाईलचे व्यसन नाही, ही गंभीर बाब सर्वप्रथम मानसशास्त्र विभागाच्या निदर्शनास आली आणि विभागात एकच धावपळ उडाली.

विभागप्रमुख प्रा. रुपचंद सर यांची पीएचडी चालू होती. कधीपासून, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. त्यांच्या हाताखालची पोरं डॉक्टर होऊन त्यांच्याच कॉलेजात परीक्षक म्हणून येऊन गेली होती. सरांचा विषय होता, ‘विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे व्यक्तिमत्त्व व स्मार्टफोनचे व्यसन : विशेष संदर्भ गिरणाकाठ’. त्यासाठी सगळ्या पोरांकडून त्यांनी प्रश्नावली भरून घेतली. निष्कर्ष झकास निघाले. अंतर्मुख पोरं फोनमध्ये तोंड खुपसून बसतात, बहिर्मुख पोरं फोन समोर धरून नाचतात आणि चिंताग्रस्त पोरं चार्जर शोधत फिरतात. सगळं सिद्धान्ताबरहुकूम. फक्त दिपमाला कोणत्याच खान्यात बसेना. ‘फोन जवळ नसल्यास तुम्हाला कसे वाटते?’ या प्रश्नाला तिने लिहिलं होतं, ‘रोजच्यासारखे.’ तिच्याकडे फोन नव्हताच. ही प्रश्नावलीसुद्धा तिने वर्गातल्या स्वप्नीलच्या फोनवरून भरली होती, कारण व्यसनाची प्रश्नावली फक्त फोनवरच भरता येत होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच सुमारास ‘वरून’ पत्र आलं. वर कोण बसतं हे आमच्या तालुक्यात कोणी पाहिलेलं नाही, पत्र मात्र नेमाने खाली पडतं. पत्रात म्हटलं होतं की, ज्या विद्यार्थ्याकडे मोबाईल-व्यसनमुक्तीचे प्रमाणपत्र नसेल त्याला परीक्षेचे हॉलतिकीट देऊ नये. प्रमाणपत्र फोनवरच मिळेल.

 दिपमालाच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, हिशेब सरळ होता. आबा केळीचा टेम्पो चालवतात, बोलतातही तसेच, ब्रेक न मारता. “पदवी भेटनी तं बी.एड. कर. नही भेटनी तं आखाजीले सुरतवालास्ले हो सांगी टाकसू.” आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा लग्नाचा मुहूर्त. सांगून आलेल्या त्या सुरतवाल्यांचा मुलगा नेमकं काय करतो ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण त्याचे फॉलोअर पुष्कळ होते. दिपमालाला मात्र शिक्षिका व्हायचं होतं.

ती सरांकडे गेली.

“सर, मला व्यसन नाही. मला प्रमाणपत्र द्या.”

“कशाचं देऊ?”

“मुक्तीचं. नाहीच, म्हणजे मी मुक्तच आहे ना?”

“पोरी, तीन वर्षं मानसशास्त्र शिकलीस आणि असं बोलतेस? तुरुंगात कधी गेलाच नाही त्या माणसाला सुटल्याचा दाखला कोण देतं? आधी आत जावं लागतं.”

“मग मी काय करू?”

सरांनी चष्मा पुसला. “मनापासून प्रयत्न केलास तर जमेल. हुशार आहेस.”

विभागाने तिला एक स्मार्टफोन वापरायला दिला. ‘कमकुवत विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्ग’ या मथळ्याखाली तिचा तास सुरू झाला आणि मार्गदर्शक म्हणून, कॉलेजात ज्याच्या तोडीचा दुसरा व्यसनी नव्हता, त्या स्वप्नीलची नेमणूक झाली. स्वप्नीलने मन लावून शिकवलं. आयुष्यात प्रथमच त्याला काहीतरी येत होतं.

“हे बघ दिपमालाताई, एक रील झाली की अंगठा वर.”

“का?”

“दुसरी बघायला.”

“दुसरी कशाला? पहिली समजली ना मला.”

स्वप्नील हतबल झाला. एवढी मठ्ठ विद्यार्थिनी त्याने पाहिली नव्हती.

घरी आईला, कुंदाबाईंना, पोरीची काळजी लागली. दिपमाला फोन उशाला ठेवून पुस्तक वाचत पडली की त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “काय करी ऱ्हायनी वं? ठेव ते पुस्तक! वाची वाची डोया फोडी लिशी. मोबाईल ले हातमा. परीक्षा जवळ उनी, काही लाज शे का?” शेजारची बाई म्हणाली, माझी पूनम बघा, सांगावं लागत नाही, जेवतानासुद्धा हातातून सोडत नाही. कुंदाबाईंनी पदराने डोळे टिपले. दुसऱ्याच्या लेकराचं कौतुक ऐकायला काळीज दगडाचं लागतं.

एवढं करूनही दिपमालाला ते साधलं नाही. तोवर, ज्यातून प्रमाणपत्र मिळणार होतं, त्या व्यसनमुक्ती शिबिराचा दिवस उजाडला.

आता खान्देशात हिवाळ्यात कोणतंही शिबिर घ्या, रक्तदानाचं असो की योगाचं, त्याचा शेवट केळीच्या मळ्यात भरिताने होतो. या शिबिराची सुरुवातच तिथे झाली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायला टाकली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. प्राचार्यांनी सर्वांना शपथ दिली आणि एका मोठ्या टोपल्यात सगळ्यांचे फोन जमा करायला सांगितले. प्रत्येक फोनमध्ये कॉलेजने ‘मुक्तिमित्र’ नावाचं अ‍ॅप आधीच टाकलेलं होतं. फोन किती वापरला, ते वरच्यांना परस्पर कळणार होतं.

पोरांनी फोन टोपल्यात ठेवले. काहींनी ठेवताना वळून पाहिलं. लेक सासरी पाठवताना बघतात तसं.

आणि तेव्हा रुपचंद सरांच्या लक्षात आलं की फोटो राहिला. वरच्यांना काम नको असतं, कामाचा फोटो हवा असतो. तोही ठिकाण आणि वेळ छापलेला. सगळे फोन टोपल्यात आहेत याचा फोटो, सगळ्यांचे हात रिकामे आहेत याचा फोटो. पण सगळे फोन टोपल्यात असतील तर फोटो काढायचा कशाने? आणि एक फोन बाहेर ठेवला तर तो धरायचा कोणी? ज्याच्या हाती द्यावा तो पुन्हा बिघडणार!

“दिपमाला!” प्राचार्य एकदम म्हणाले. “तिला धोका नाही.”

विभागाचा फोन दिपमालाच्या हाती आला. तिने टोपल्याचा फोटो काढला, मग सगळ्यांच्या रिकाम्या हातांचा. तिला वाटलं, झालं. पण भरीत पानावर पडलं आणि पोरं नुसतीच बघत बसली. फोटो न काढता खायचं कसं, हे कोणालाच सुचेना.

“दिपमालाताई, माझ्या पानाचा एक घे ना.”

“ताई, मी भाकरी मोडताना.”

“माझा डोळा मिटलाय, परत काढ.”

स्वप्नीलचा अंगठा भाकरीवर आपोआप वर सरकत होता. त्याचाही तिने व्हिडिओ घेतला. प्राचार्यांचं भाषण अख्खंच्या अख्खं टिपलं. रुपचंद सर कंबरेवर हात ठेवून केळीच्या घडाला टेकून उभे राहिले. “फोनशिवाय मी किती शांत दिसतो, असा एक घे. बाजूने.” दिवस मावळेपर्यंत पोर धावत होती. भरीत तिच्या वाट्याला आलंच नाही.

यथावकाश अहवाल वरून खाली पडला. शिबिराच्या काळात महाविद्यालयातील सर्व फोन बंद असल्याचे आढळले, सबब सर्व विद्यार्थी व प्राध्यापक व्यसनमुक्त. अपवाद, दिपमाला पंडित बोरसे. व्यसनमुक्ती शिबिर चालू असतानाही सदर विद्यार्थिनीने सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन खाली ठेवलेला नाही. तसेच एकाही छायाचित्रात ती रिकाम्या हाताने दिसत नाही. किंबहुना ती दिसतच नाही.

रुपचंद सरांना तर गहिवरून आलं. त्यांच्या प्रबंधातली शेवटची अडचण सुटली होती. दिपमाला अखेर खान्यात बसली.

“सर, व्यसनी तर व्यसनी,” दिपमाला म्हणाली. “आता मी आत गेले ना? मग मला सोडवा.”

“अगदी! आता तुझाच पहिला हक्क. पण यंदाचं शिबिर झालं. पुढच्या हिवाळ्यात बघू. उन्हाळ्यात वांग्याला चव नसते.”

हॉलतिकीट मिळालं नाही.

तरी आबा वर्षभर थांबायला तयार झाले होते, हे मला सांगायलाच हवं. “एक वरीस तं शे,” म्हणाले. टेम्पोवाला माणूस, पण लेकीसाठी ब्रेक मारला.

पण स्वप्नीलने, म्हणजे प्रमाणपत्रधारक व्यसनमुक्त स्वप्नीलने, तो अहवाल वाचून दाखवत ‘शपथ घेऊनही मोबाईल न सोडणारी मुलगी’ अशी रील केली. ती गिरणा ओलांडून धुळ्याला गेली, जळगावला गेली, सुरतेला गेली. कोणी पूर्ण पाहिली नाही. उजव्या हाताने जेवता जेवता, डाव्या अंगठ्याने ‘आजकालच्या पोरींना वळणच नाही’ असं लिहून भल्याभल्यांनी ती भाऊबंदकीच्या ग्रुपवर ढकलली. ढकलत ढकलत ती आबांच्या फोनवर येऊन पडली. आबांनी पाहिली, टेम्पो बाजूला घेतला आणि सुरतेला फोन लावला.

आखाजीला लग्न झालं.

आबांना ती रील पाठवली कोणी, याची चौकशी झाली नाही. करणार कोणाची? ज्याने त्याने आपापलं व्यसनमुक्तीचं प्रमाणपत्र दाखवलं असतं. तुमच्याकडेही असेलच.

बघा जरा. फोनमध्येच असेल.