दुसऱ्या आठवड्यात मृत

सोमवारी सकाळी डॉ. लॅकलन पेटिग्रू यांनी आपले चार हजार विद्यार्थी एका फटक्यात मारून टाकले, आणि मग ते चहाला गेले.

परत आले तर संगणक विभागातल्या रोना मॅकास्किलबाई त्यांच्या दारात उभ्या. विद्यापीठात कुठलाही घोटाळा झाला की ‘मी आधीच सांगितलं होतं’ असं म्हणायला रोनाबाई सर्वांत आधी हजर असत. आज मात्र त्यांचा चेहरा गोरामोरा झाला होता.

“डॉक्टर, लोक विचारतायत, आम्ही कशानं मेलो?”

“कोण लोक?”

“मेलेले.”

त्याचं असं झालं. विम्याचं गणित हा एडिनबराचा घरचा धंदा. तिथं माणसाची तब्येत कशी आहे यापेक्षा तो किती पुरेल याची चौकशी जास्त. हे गणित साऱ्या जगाला घरबसल्या आणि फुकट शिकवायचं पेटिग्रूंच्या मनात आलं, तेव्हा विभागप्रमुख ऊना ड्रमंड ‘फुकट’ या शब्दापाशी बराच वेळ अडल्या; पण शेवटी हो म्हणाल्या. केरसुण्यांच्या कपाटाशेजारच्या खोलीत कॅमेरा लागला. कपाळाला पावडर फासून, समोर चिटपाखरू नसताना हसायचं कसं, हे पेटिग्रू पन्नाशीत शिकले. जगभरातून हजारो नावं आली. फुकट ते पौष्टिक हे काही एका देशापुरतं खरं नाही.

त्या हजारोंत एक नाव होतं आर्चिबाल्ड पेटिग्रू. हे लॅकलनचे वडील, वय वर्षं एक्याऐंशी, मुक्काम फाइफ, फोर्थ खाडीच्या पुलापलीकडे. आर्चींनी उभा जन्म दारोदार हिंडून विम्याचे हप्ते गोळा केले होते. मुलगा त्याच विम्यात डॉक्टर झाला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “माणसं मरतात हे कळायला विद्यापीठ कशाला लागतं?” त्यानंतर त्यांनी मुलाच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आणि या वर्षी म्हाताऱ्यानं आपण होऊन नाव घातलं! तेव्हापासून पेटिग्रू कॅमेऱ्याकडे बघून बोलत ते वडिलांशीच. दर रविवारी फोनवर विचारत, “धडा कसा वाटला, बाबा?” पलीकडून उत्तर येई, “झकास.” या एका शब्दावर त्यांचा सबंध आठवडा निघत असे.

पण फुकट आलेला माणूस जायलाही वेळ लावत नाही. दुसऱ्या आठवड्यात समीकरणं आली आणि निम्मा वर्ग गळाला. पेटिग्रूंना ते फार लागलं. पण गडी हाडाचा मास्तर. आयुष्य-सारणी शिकवायला त्यांनी हाच वर्ग उदाहरण म्हणून घेतला. आयुष्य-सारणी म्हणजे सुरुवातीला माणसं किती, दरवर्षी त्यातली गेली किती, उरली किती, याचा साधा तक्ता. ज्यानं प्रश्नसंच सोडवून पाठवला तो ‘जिवंत’, नाही पाठवला तो ‘मृत’. या शास्त्रातल्या लोकांना यात काही वावगं वाटत नाही. नोकरी सोडा, पॉलिसी मोडा, नाहीतर खरोखर मरा. तक्त्यातून गेलेला तो गेला.

दरम्यान, गळालेल्यांना ‘परत या’ असं प्रेमाचं पत्र धाडायचं ठरलं. रोनाबाईंनी याद्या मागितल्या. पेटिग्रूंनी हाताशी होता तो तक्ता दिला. यंत्रानं त्यातले शब्द उचलून पत्रात बसवले आणि पत्र तयार झालं ते असं :

‘प्रिय विद्यार्थी, आमच्या नोंदीनुसार आपण दुसऱ्या आठवड्यात मृत झालात. आम्हाला आपली उणीव भासते. परत यायचं असल्यास खालचं बटण दाबा. परत येणं पूर्णपणे मोफत आहे. आपला, डॉ. लॅकलन पेटिग्रू.’

“पाठवण्याआधी नमुना तुम्हाला दाखवला होता,” रोनाबाई म्हणाल्या. “तुम्ही वाचलात.”

“वाचला.”

“आणि एक स्वल्पविराम बदललात.”

पेटिग्रूंना कुठे तोंड लपवावं ते कळेना. नैरोबीतल्या एका मास्तरांच्या सासूबाई पत्र वाचून रडायला बसल्या होत्या. जावई धडधाकट असल्याचं कळल्यावर अधिकच रडल्या. लिमाचे एक गृहस्थ लिहीत होते की दुसऱ्या आठवड्यात आपण ठणठणीत होतो, तरी कृपया तारीख तपासून पाहावी. नेपल्सच्या एका बाईंनी विचारलं होतं की पत्रासोबत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मिळेल काय; तो शेजारीच बसला आहे, त्याची काही हरकत नाही.

तेवढ्यात ऊना ड्रमंड आल्या.

“पेटिग्रू, मी हे काय ऐकतेय?”

“मॅडम, आपल्या शास्त्रात जो तक्त्यातून बाहेर पडतो त्याला...”

“मला शास्त्र शिकवू नका. मीही तेच शिकवते. पण मी ते लोकांच्या घरी कळवत नाही!” बाई दाराशी जाऊन परत फिरल्या. “संध्याकाळच्या आत प्रत्येकाची माफी मागा. आणि ती रोनाला लिहू द्या.”

पेटिग्रू मान खाली घालून बसले. तोच फोन वाजला. फाइफमधल्या गोळ्यांच्या क्लबाच्या सेक्रेटरी एफी बालफर बोलत होत्या. हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायचे आणि मग तासभर भांडायचं, असा तो क्लब. आर्ची तिथले जुने सभासद, आणि एफीबाईंनी लॅकलनला दुपट्यात पाहिलेलं.

“लॅकलन, बाळा, तुझं पत्र मिळालं रे.” आवाज भरून आला होता. “स्वतः कळवलंस, बरं केलंस. पण जरा कोरडं लिहिलंस.”

“कसलं पत्र, एफीमावशी?”

“तुझ्या बाबांचं. दुसऱ्या आठवड्यात गेले म्हणून.”

पेटिग्रूंना आता उलगडा झाला. आर्चींना ई-मेल नावाची वस्तू नव्हती. नाव घालताना त्यांनी क्लबाचा पत्ता दिला होता. चार हजार मेलेल्यांत आपला बाप होता आणि आपण ती यादी नजरेखालूनही घातली नव्हती.

“मावशी, ते पत्र चुकून गेलं! बाबा जिवंत आहेत!”

“धक्का बसला की माणूस असंच म्हणतं. आमचे हे गेले तेव्हा मी दोन दिवस त्यांचा चहा करत होते.”

“अहो, खरंच जिवंत आहेत!”

“बरं बाई, जिवंत. शेवटचं बोलणं कधी झालं तुमचं?”

पेटिग्रूंनी आठवून पाहिलं. काल रविवार होता आणि काल त्यांनी फोन केला नव्हता. सातव्या आठवड्याचा धडा चित्रित करायचा होता.

“झेंडा खाली उतरवलाय,” एफीबाई नाक ओढत म्हणाल्या. “खाटकाकडे मटणाचे पाय सांगितलेत, चाळीस माणसांपुरते. तू ये.”

फाइफमध्ये माणूस गेला की मटणाचा पाय लागतोच, म्हणजे आपला चालायचा पाय नव्हे, इंग्रजी ‘पाय’, आत मटण भरून, वर कणकेचं झाकण घालून भाजलेला. तो सांगून झाला म्हणजे मरण पक्कं झालं.

पेटिग्रूंनी वडिलांच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. एक्याऐंशी वर्षांचा माणूस नेमका आजच जाण्याचा संभव किती कमी, ते पेटिग्रूंना दशांश चिन्हापुढच्या चार स्थळांपर्यंत तोंडपाठ होतं. जगभर इतरांना ते किती वेळा समजावून सांगितलं होतं. आज त्या आकड्यानं पैशाचाही धीर दिला नाही. त्यांनी गाडी काढली. पुलावर त्यांना एकच दिसत होतं, की आपण बापाला परीक्षकासारखं दर रविवारी ‘धडा कसा वाटला’ एवढंच विचारत आलो. गुडघा कसा आहे, जेवलात काय, हे विचारलंच नाही. आपलीच आपल्याला शरम वाटावी असा तो प्रवास होता.

क्लबात पोचले तेव्हा आत काळ्या कपड्यांची गर्दी होती. आणि मधल्या टेबलाशी, बुटांना बटाट्याच्या वाफ्यातला चिखल, पुढ्यात पायची बशी, अशा थाटात आर्ची पेटिग्रू स्वतः जेवत बसले होते.

“वाफ्यावरून आलो,” ते कोणाला तरी सांगत होते, “तर झेंडा खाली. टोपी काढली, म्हटलं, एफी, कोण गेलं गं? तर ही म्हणते, तूच!”

“पाय खाटीक परत घेईना,” एफीबाई डोळे पुसत म्हणाल्या. “मग म्हटलं, तूच खा.”

पेटिग्रू वडिलांजवळ गेले. बोलायचं बरंच ठरवून आले होते. तोंडातून फक्त “बाबा, चुकलो” एवढंच निघालं.

आर्चींनी त्यांचा दंड धरून त्यांना कपडे टांगायच्या कोपऱ्यात नेलं. म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते.

“मेलो म्हणून लिहिलंस त्याचं काही नाही रे,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “आज ना उद्या लिहावंच लागेल तुला. पण दुसऱ्या आठवड्यात असं कशाला लिहिलंस? एफीनं मोठ्यानं वाचलं सगळ्यांपुढे. मी यांना सांगून बसलोय, सहाव्यात आहे म्हणून. वर्गात पहिला आहे म्हणून!”

“मग रविवारी मला झकास म्हणायचात ते?”

“झकासच होतं. धडे सगळे बघितले मी इथं बसून. अक्षर कळलं नाही. ते प्रश्न काही सुटेनात, मग पाठवू काय? पण तू बोलतोस छान. टायही बरा होता.” ते थांबले. “तुला सांगायची लाज वाटली.”

पेटिग्रूंना उभ्या आयुष्यात इतकं खजील वाटलं नव्हतं. माणूस सहा आठवडे इमानानं समोर बसून होता, आणि आपल्या तक्त्यात तो मेलेला. ते वळले, एका खुर्चीवर चढले आणि चमच्यानं पेला वाजवला.

“मंडळी,” ते म्हणाले, “त्या पत्रात दोन चुका आहेत. एक म्हणजे माझे वडील जिवंत आहेत.”

“ते दिसतंय,” कोणी तरी म्हणालं. “तिसरा पाय चाललाय.”

“दुसरी म्हणजे, ते दुसऱ्या आठवड्यात गळाले नाहीत. सहाव्यात आहेत. आणि वर्गात पहिले आहेत. यंत्राला समजलं नाही, आणि यंत्राहून जास्त मला समजलं नाही. मी मूर्ख आहे.”

शेवटच्या वाक्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. आर्ची छाती काढून उभे राहिले. लोक येऊन त्यांचे हात हाती घेऊ लागले. विम्याच्या गणितात पेटिग्रूंनी इतकं सराईत खोटं यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

एफीबाईंनी मात्र डोळे बारीक केले. “पहिला ना? मग आर्ची, आम्हालाही शिकव की. फुकटच आहे म्हणतात. दर गुरुवारी, इथंच, चहाबरोबर. कोण कोण आहे?”

क्लबातले निम्मे हात वर झाले. काहींच्या हातात पायचे तुकडे होते.

“का नाही? अवश्य!” आर्ची म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला. कानात बोलायला म्हणून त्यांनी मुलाला जवळ ओढलं.

“बुधवारी येशील?”

“दर बुधवारी येईन, बाबा.”

“रात्री जेवूनच जात जा. आणि हे बघ,” आर्ची म्हणाले, “पहिल्यापासून सुरू कर. दुसऱ्या आठवड्यापाशी जरा हळू घे. तिथं मी वारलो होतो.”