तपासनिसाची शिकवणी

चाकणच्या एका कारखान्यात ब्रेकचे ड्रम तपासण्याचं काम ज्योतीराम बावीस वर्षं करत होता. छोट्या हातोडीने ठोकायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत तडा. मग व्यवस्थापनाने कृत्रिम बुद्धिमत्तेचा कॅमेरा आणला आणि ज्योतीरामला लेखी कळवलं, की नव्या तपासनिसाला त्यानेच शिकवावं; तो तयार होईपर्यंत ज्योतीरामच्या नोकरीला कोणताही धोका नाही.

ज्योतीरामने पत्र दोनदा वाचलं. मुलगी हर्षाली अजून कॉलेजात होती. पण शिकवायला बसल्यावर त्याला हयगय जमेना. रोज पाचशे ड्रम कॅमेऱ्यासमोर धरून तो सांगे, "बघ बाळा, हा चांगला. ह्यो फुटका."

"भाऊ, आपल्या जागेवर येणाऱ्याला कुणी एवढा जीव लावतं व्हय?" शेजारच्या मशीनवरचा गोरक्ष हसला.

"शिकणाऱ्याचा काय दोष, राव?"

कॅमेऱ्याला कान नव्हते. कारखान्याच्या तपासणी समितीने तोडगा काढला: तपासणीतून आवाज हा निकष वगळला.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. ज्योतीरामने विद्यार्थ्यालाही हार घातला आणि कपाळ समजून नेमकं काचेवर कुंकू लावलं. दसऱ्यानंतर कॅमेऱ्याने दोन्ही पाळ्यांतला झाडून सगळा माल नापास केला. प्रत्येक ड्रमवर लाल डाग!

"मॅडम, चूक माझी हाय. काच पुसू द्या."

"काचेला हात लावला की वॉरंटी गेली," व्यवस्थापक विजयश्री मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही अंदाजाने बोलता, ज्योतीराम. यंत्र आकडेवारीने बोलतं."

समिती पुन्हा बसली. काच पुसता येत नाही, उत्पादन थांबवता येत नाही. सबब लाल डाग असलेला माल उत्तम, असं यंत्राला शिकवावं. ज्योतीरामने नकारार्थी मान हलवली. मॅडमनी पत्रातल्या 'त्यानेच शिकवावं' या ओळीवर बोट ठेवलं. त्याने शिकवलं.

विद्यार्थी हुशार, एका दुपारीत शिकला. नापास माल शून्यावर आला. तपासनीस तयार झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच संध्याकाळी ज्योतीरामला शाल, नारळ आणि निरोप मिळाला.

"मॅडम, फुटका ड्रम आता कुणाला कळणार?"

"ग्राहकाला. त्याचा अभिप्राय आला की यंत्र आपोआप शिकतं."

तेव्हा आपली गाडी नवी असेल, तर ज्योतीरामच्या जागी आपली नेमणूक झालेली आहे. पगार नाही. काम सोपं आहे: उतारावर ब्रेक दाबायचा, आणि शक्य झाल्यास काय झालं ते कळवायचं.