पेरूचा ताण आणि दोन मोबाईल

शेतात फिरताना खिशात कुठला मोबाईल बरा, बटनांचा की टचचा, याचा निकाल आज लावूनच टाका, असं अश्विनीनं सकाळी फर्मावलं आणि दोन्ही मोबाईल नवऱ्याच्या, श्रीमंतच्या, बंडीच्या खिशात कोंबले. श्रीमंतला काय, बरंच झालं. कामाच्या नावाखाली विचार करत हिंडायला मिळालं की हा बाबा जेवणसुद्धा विसरायचा, आणि सावली दिसली की निजायचा.

राहात्याजवळच्या त्यांच्या पेरूच्या बागेला ताण दिलेला होता. भर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला सोडायचं, म्हणजे हिवाळ्यात गोड पेरू. मध्येच पाणी मिळालं की बहार भलत्या वेळी येतो आणि पावसातले ते पाणचट, अळ्या पडलेले पेरू कोणी फुकट नेत नाही. वर्षाची सगळी मदार त्या ताणावर. अश्विनी तर बागेत कोणाला चूळ भरू देत नव्हती. मोटर चालायची ती फक्त गुरांच्या हौदासाठी, आणि तीही मोबाईलवर. मोटरला फोन लावला की चालू, परत लावला की बंद. हौद भरून वाहिला तर मात्र पाणी थेट बागेत.

श्रीमंतनं तुलना अगदी मन लावून केली. बटनांचा मोबाईल मुठीत मावे, बांधावर आपटला तरी हूं की चूं करत नसे. टचच्या पडद्यावर उन्हात स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसेना, पण त्यात ढगांची चित्रं होती. ती नीट बघायला तो पेरूच्या सावलीत आडवा झाला, मग मोबाईल खिशात सारून कुशीवर वळला, मग पालथा झाला, आणि त्या ढगांत कधी विरघळला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

स्वप्नात तो रंधा धबधब्याखाली उभा होता. पाणी धो धो कोसळे, कोणी नळ बंद केल्यासारखं थांबे, परत कोसळे. फार गार वाटत होतं. इतकं गार, की त्याला जाग आली. बंडी भिजली होती आणि पाणी निवांतपणे झाडाझाडाच्या आळ्यात शिरत होतं.

त्यानं मोबाईल तपासले. अंगाखाली दाबला जाऊन टचच्या मोबाईलनं मोटर चालू केली होती, बटनांच्यानं बंद, टचच्यानं परत चालू. मोटर बंद करून तो वळला, तर समोर अश्विनी.

"बागेचं वाटोळं केलं गं मी," तो कसाबसा म्हणाला.

ती चिडली नाही, त्यामुळे तो जास्तच घाबरला. तिची नजर चुकवायला त्यानं वर पाहिलं. फांदीफांदीला कोवळी पालवी फुटली होती. इतके दिवस याच झाडांखालून हिंडला, पण झाडाकडे बघतो कोण.

"ही पालवी आजच्या पान्याची न्हाई," तो सावकाश म्हणाला. "ताण आदीच मोडलाय."

अश्विनी बांधावर बसली. मागच्या पंधरवड्यात बटनांचा मोबाईल कमरेला खोचून ती वाकून गवत कापत होती, तेव्हा बटन दाबलं जाऊन असाच हौद भरून वाहिला होता. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"सांगायची छाती हुईना," ती म्हणाली. "म्हनलं, तुमीबी एकदा दोन्ही खिशात घालून निजावं, म्हंजी चूक दोघांची हुईल."

"अन् मी निजलोच नसतो तर?"

"तुमी?" अश्विनी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं.