सेतुमामांची इटलीची फेरी

सेतुमामांच्या घरी सकाळची कॉफी सहा वाजून दहा मिनिटांनी सुटते. होते नाही, मिळते नाही, सुटते. सहा-आठला मामा ओसरीवर येऊन उभे राहतात, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपाशी नेतात आणि सहा-दहा झाले की गळ्यातली पितळी शिट्टी फुंकतात. त्या क्षणी जो हजर असेल त्याला कॉफी. बँकेनं मला साताऱ्याहून उचलून तंजावूरला टाकलं आणि मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी सहा-बाराला डोळे चोळत खाली उतरले.

"कॉफी गेली," मामा म्हणाले.

"गेली? कुठे गेली?"

"सुटली म्हणजे सुटली. पुढची साडेआठला."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते पेपर उघडून बसले ते बसलेच. शेवटी मामींनी मागच्या दारानं एक टंबलर माझ्या हातात सरकवला आणि कानाशी पुटपुटल्या, "हळू पी गं. चूळ भरतेस म्हणून सांगतें त्यांना."

मामा चौतीस वर्षं तंजावूरच्या बसस्टँडवर टाइमकीपर होते. जाळीच्या खोलीत बसायचं, कंडक्टरच्या कागदावर वेळ लिहायची, सही ठोकायची आणि शिट्टी मारून गाडी सोडायची. कुणी धावत येवो, कुणी रडत येवो, कुणाची टोपली अर्धी आत अर्धी बाहेर असो, शिट्टी झाली की गाडी हललीच पाहिजे. निवृत्तीनंतर त्यांनी उरलेलं जगही त्याच खात्यात जमा करून घेतलं. दूध सुटतं, देवपूजा सुटते, वीज गेली तरी "पाच मिनिटं लेट" म्हणतात. एका पुतण्याच्या लग्नात मुहूर्त नऊ-बाराचा होता आणि भटजी मंत्र घोळवत बसले होते. नऊ-बाराला मांडवात शिट्टी वाजली. नवरदेव इतका दचकला की त्यानं घाबरून मंगळसूत्र बांधूनच टाकलं. भटजींनी अजून मामांशी अबोला धरलाय, मामांना त्याचं काही नाही.

हे घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, रागावल्यावर इंग्रजी. देवनागरी मामांना वाचता येत नाही. मला चिठ्ठी लिहायची तर मराठीच लिहितात, पण तमिळ अक्षरांत. बसच्या पाट्या वाचून वाचून मी तमिळ अक्षरं शिकले होते, त्यामुळे आमचा पत्रव्यवहार झकास चालायचा.

तर अशा घरात एके दिवशी इटली शिरली.

मामांचा मुलगा राघू मिलानमध्ये नोकरी करतो. त्यानं दोघांना दोन महिन्यांसाठी बोलावलं होतं, तिकिटं झाली होती. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मामा फोन नेहमी लाउडस्पीकरवर ठेवतात, त्यामुळे आख्खी गल्ली कुटुंबातलीच होते. राघू सांगत होता, इथून तळ्याकाठच्या गावांची एक दिवसाची सहल निघते. दहाच माणसं, बरोबर एक गाइड. आधी बसनं एक गाव, मग बोटीनं दुसरं, मग तिसरं. प्रत्येक गावात वेळ ठरलेला. वेळेत परतलं नाही तर गाइड थांबत नाही, पुढच्या गावी आपलं आपण पोचायचं.

"थांबत नाही?" मामांनी विचारलं.

"नाही अप्पा."

"मिनिटभरही?"

"नाही."

मामा खुर्चीवरून उठले. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "राघू, हा अमच्या खात्यातला माणूस! याला मज भेटायचंच आहे!"

"म्हणून तुमचं एकट्याचं बुकिंग करतो," राघू म्हणाला. "अम्मा नको. ते दुसरं गाव आहे ना, तिथे सगळ्या गल्ल्या पायऱ्यांच्या. वर चढल्यावरच आख्खं तळं दिसतं. अम्माचे गुडघे असे, ती कुठे चढणार? तिला घरी ठेवू."

स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "होय रे, मज काय कराय्चं तळं? मी घरीं बसतें. तुम्हीं जावून या."

मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशीच होते. मामी पुसून स्वच्छ झालेला ओटा पुन्हा पुसत होत्या. फोन संपल्यावर थोड्या वेळानं त्या हात पदराला पुसत माझ्याजवळ आल्या. "वरून अस्की तळं एकदम दिसतें म्हणे? तुझ्या फोनात आहे कां?" अस्की म्हणजे आख्खं. मी फोटो शोधून दिला. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग "बरं आहे" म्हणून परत दिला. तासाभरावरच्या कुंभकोणमच्या पलीकडे ही बाई कधी गेली नव्हती. नवऱ्यानं आयुष्यभर गाड्या सोडल्या, पण त्यातल्या एकीतही तिला शेजारी बसवून कुठे नेलं नव्हतं. मला राघूचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी मामांनी राघूला कळवलं की दोन बुकिंग कर, नाहीतर एकही नको. राघूनं महिनाभराची मुदत दिली. अम्मा चढू शकते असं अप्पांनी खात्रीनं सांगितलं तर दोन, नाहीतर एक. मामींना यातलं कुणी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, कारण लाउडस्पीकर; मामी तेव्हा देवळात गेल्या होत्या.

आठवड्याभरात ओसरीच्या भिंतीवर एक वेळापत्रक लागलं. इटली ट्रायल रन, तीन आठवड्यांनंतरचा रविवार. तंजावूरजवळचं पापनाशम म्हणजे पहिलं गाव, कावेरीकाठचं तिरुवैयारु म्हणजे दुसरं. मामांच्या मते नव्या मार्गावर गाडी सोडायच्या आधी एकदा रिकामी चालवून बघतात, तसंच हे. दहा माणसांचा गट हवा म्हणून समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना बायकोसकट धरलं, माझ्या बँकेतल्या मैत्रिणीला धरलं, पाच चुलत नातेवाईक धरले. मामा-मामी मिळून दहा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू गाइड."

"मी? मला इटलीतलं काय माहीत?"

"तिथली गाइड पण बाईच आहे, राघूनं सांगितलं. इंग्लिशमध्ये बोल. झेंडा वर धर. आणि कोणासाठीं थांबलीस तर बघ."

झेंडा म्हणजे छत्रीच्या टोकाला बांधलेला मामींचा लाल ब्लाउजपीस. रविवारी साडेसातच्या शिट्टीला व्हॅन निघाली. उत्साह असा की पोस्टमास्तरांच्या बायकोनं इटलीला शोभावा म्हणून काळा गॉगल घातला होता. मामींनी पुळियोदरैची, म्हणजे चिंचेच्या भाताची, पुडकी बांधली होती आणि मांडीवर पाण्याचा कूजा घट्ट धरला होता, त्याचं झाकण पिळून पिळून बंद केलेलं. पापनाशमला मी स्टेशनसमोर उभी राहून "लेडीज अँड जंटलमेन, ऑन युवर लेफ्ट, द लेक" असं म्हणाले. डावीकडे भाताची शेतं होती. दहाही जणांनी मान डावीकडे वळवली आणि एका चुलत काकांनी फोटोही काढला.

व्हॅनच्या ड्रायव्हरला, मुरुगनला, मामांनी निघतानाच दम दिला होता. तिरुवैयारुच्या घाटावरून अकरा-वीसला सुटायचं. शिट्टी ऐकू येवो न येवो. "बाहेर माझा बाप उभा असला तरी थांबायचं नाही. मागें वळून बघायचं नाही."

मुरुगन पूर्वी मामांच्याच बसस्टँडवर होता. तो थांबला नाही आणि त्यानं मागे वळूनही बघितलं नाही. अकरा-वीसला गाडी सुटली. मी झेंडा सावरत माणसं मोजली तर आठ. पुन्हा मोजली तरी आठच. मामा आणि मामी नव्हते!

"मुरुगन, थांबव! खुद्द मामाच राहिलेत!"

"सारांनी सांगितलंय," मुरुगन म्हणाला आणि गिअर टाकला.

पोस्टमास्तर हसून हसून सीटवरून घसरले. पुढच्या नाक्यावर मुरुगननं गाडी उभी केली, कारण वेळापत्रकात तिथे दोन मिनिटं होती. मी उतरले, रिक्षा केली आणि परत घाटावर आले. म्हटलं, आता म्हातारा रस्त्यावर थयथयाट करत असणार. मला ते बघायचंच होतं.

रस्त्यावर कुणी नव्हतं. कावेरीला भरपूर पाणी होतं, आणि घाटाच्या पायऱ्यांवर, अगदी खालच्या टोकापासून वर येत, मामी चढत होत्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातानं निऱ्या धरलेल्या. मामा त्यांच्या दोन पायऱ्या खाली उभे होते. मामींचा कूजा त्यांच्या काखेत होता. मान खाली, नजर मामींच्या पावलांवर.

"थांब," ते म्हणत होते. "श्वास घे. वेळ आहे."

वेळ आहे! वर्षभरात त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी ऐकले नव्हते. मी तशीच उभी राहिले. मामी थांबल्या, दम घेतला, पाऊल उचललं. मामांनी मगच स्वतःचं उचललं. त्यांना मी दिसले तेव्हा मामी वर पोचून देवळाकडे तोंड करून हात जोडत होत्या. मामा एकदम टाइमकीपर झाले. "गाइड जागा सोडून आली कशी?"

"मामा, गाडी सुटली."

"सुटणारच. मुरुगन चांगला माणूस आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला कांहीं बोलू नको. गुरुवारीं गुरुवारीं तिला इकडे आणतों. कावेरीला पाय धुवायचा नेम आहे म्हणून सांगितलंय. पहिल्या गुरुवारीं आठव्या पायरीला बसली. आज वरपर्यंत आली, मधें चारदां थांबून." आणि मग कुठेतरी दुसरीकडे बघत, "चौतीस वर्षं सगळ्यांना सोडलं. हिला कोठें नेलं नाही. मज हिला तें वरून दाखवायचं आहे."

माझ्या हातात तो लाल ब्लाउजपीसचा झेंडा होता. त्यानंच मी डोळे पुसले.

त्याच रात्री राघूला खात्रीचा निरोप गेला. दोन बुकिंग झाली. मामींना तेव्हा सांगितलं, तर त्या "अय्यो, मज कायला" म्हणाल्या आणि लगेच कोणती साडी न्यायची म्हणून माझी माडी डोक्यावर घेतली.

सहलीच्या दिवशी मी बँकेत होते आणि कामात माझं चित्त नव्हतं. मामांचे निरोप येत होते, मराठी, तमिळ अक्षरांत, आणि दुसरं काही नाही, नुसत्या वेळा. "पहिलं गाव. ९.०५." "नाव सुटली. १०.१०. बरोबर!" हे उद्गारचिन्ह म्हणजे मामांनी केलेलं इटलीचं कौतुक. मग, "दुसरं गाव. ११.०२."

त्यानंतर काही नाही. आमच्याकडे अडीच वाजून गेले होते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. समोर रांग होती आणि मी दर मिनिटाला फोन उलटा करून बघत होते. एका आजोबांच्या पासबुकात मी दोनदा शिक्का मारला. मामी बसल्या असतील मधेच, पाय मुडपला असेल, गाइड निघून गेली असेल, परक्या गावात ही दोघं कूजा घेऊन पायरीवर बसली असतील, काय काय मनात आलं. वीस मिनिटं. पंचवीस. तीन वाजून एक मिनिटानं फोन थरथरला.

"वर. ११.३१."

मी काउंटरवर उभी राहून ओरडले. आख्खी बँक माझ्याकडे बघायला लागली. माझी मैत्रीण धावत आली आणि आम्ही दोघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, बढती झाली का? मी म्हटलं, "हो साहेब, झाली!"

दोन महिन्यांनी दोघं परत आली. सगळी गल्ली ओसरीवर जमली. मामा रंगात आले होते. बोट कशी सेकंदाला सुटते, गाइड बाई कशी कुणाला भीक घालत नाही, शेवटी त्यांनी तिच्याशी हात कसा मिळवला. मग पायऱ्या. पहिल्या वळणावर फुलांच्या दुकानापाशी ही दोन मिनिटं थांबली. पुढची पायरी उंच होती, तिथे डावा पाय आधी टाकला. मधे एका पायरीचा दगड हलत होता. पाण्याचे दोन घोट प्यायली. शेवटच्या बारा पायऱ्या न थांबता. सगळं तोंडपाठ.

"आणि तळं, मामा?" मी विचारलं. "वरून तळं कसं दिसत होतं?"

मामा आठवून बघत होते. कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे बघितलं.

"निळं असेल," ते म्हणाले.

"असेल म्हणजे? तुम्ही बघितलं नाही?"

"चढताना तें पाठीमागें होतं. वर गेल्यावर ही तिकडे बघत उभी राहिली, मी हिच्या तोंडाकडे बघत होतों. दम लागला कां, चक्कर येते कां. मग निघायची वेळ झाली."

गल्लीतली माणसं हसली. मामाही ओशाळून हसले. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"मज वाटलं, तुम्हीं पण बघत होता," त्या म्हणाल्या.

मग त्या ओसरीवर आल्या, सगळ्या लोकांदेखत मामांच्या शेजारी बसल्या आणि तळं सांगायला लागल्या. पाणी कुठून कुठे गेलंय, डोंगर कसे उतरलेत, छपरं कोणत्या रंगाची, एक पांढरी नाव कशी मधेच थांबली होती. आम्ही एकेक करून उठलो. मी जिना चढून वर गेले तरी खालून मामांचा आवाज येत होता, "मग? डावीकडे काय होतं? तें सांग."