दोन खोल्या आणि मधली मी

माझ्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. आईला सूचना देतो! त्याही कागदावर लिहून! मी शिकले चौथीपर्यंत. त्याचा कागद वाचून होईस्तोवर माझा चाळीस माणसांचा स्वयंपाक उरकतो. या सरकारी विश्रामगृहाचं स्वयंपाकघर मी सव्वीस वर्षं चालवतेय. हा सहा महिन्यांपूर्वी इथं व्यवस्थापक झाला, तोही तात्पुरता, आणि मला शिकवतोय चहा कुठल्या दारानं न्यायचा ते!

"आई, उद्याची बैठक पार पडली तर मी कायम होईन. बिघडली तर घरी बसेन," तो म्हणाला.

"माझ्या हातून आजवर काही बिघडलंय का रे?" मी म्हटलं. तोवर खरंच नव्हतं बिघडलं.

बैठक ही अशी. डाव्या खोलीत पश्चिमेकडच्या एका बड्या देशाचे राजदूत. उजव्या खोलीत दुसऱ्या एका देशातल्या इस्लामी पक्षाचे पुढारी. ते पूर्वी पूल बांधायचे, म्हणून सगळे त्यांना इंजिनियरसाहेब म्हणत. दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही, मधल्या पॅसेजमधून माझ्या मुलानं निरोप न्यायचे.

"का रे? भांडलेत?"

"ते परराष्ट्र धोरण आहे, आई! इंजिनियरसाहेबांचा पक्ष निवडणूक जिंकला. पण धर्माच्या नावानं जिंकला, म्हणून राजदूतांचा देश तो निकाल मानायला तयार नाही. दोघं भेटले असं कळलं, तर तिकडे संसदेत बोंब आणि इकडे पक्षात बोंब."

"आणि निवडणूक घ्या, निवडणूक घ्या म्हणून मागे कोण लागलं होतं?"

"तेच."

"म्हणजे आपली धाकटी काकू! 'पडदे तुमच्या पसंतीचे आणा' म्हणायची आणि आणले की आठवडाभर फुगून बसायची!"

"आई, तू चहाचं बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं अकरा खेपा घातल्या. शर्ट पिळून काढावा असा भिजला, पण काम तसूभर पुढं सरकेना. तेवढ्यात मुख्य कार्यालयातून त्याच्या साहेबांचा फोन आला आणि तो अंगणात पळाला. नेमक्या दोन्ही खोल्यांच्या घंटा वाजल्या!

आता मी काय करायचं? घंटा वाजतेय आणि मी गप्प बसलेय, असं सव्वीस वर्षांत झालेलं नाही. शिवाय निरोप नेणं म्हणजे माझ्या हातचा मळ! माझ्या दोन जावा नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका चुलीवर संसार चालला तो माझ्या जिभेवर. निरोप कधी जसाच्या तसा नेऊ नये. पालेभाजीसारखा निवडावा, धुवावा, वर चिमूटभर साखर घालावी.

राजदूत आपली भाषा बोलायचे, पण पुस्तकातली. "बाई, आपण त्यांना कृपया विचारावे, पराभव झाल्यास ते सत्ता सोडणार आहेत, की कायमचे चिकटून बसणार आहेत?"

मी उजव्या खोलीत गेले. "ते विचारतात, लोकांनी ऊठ म्हटलं तर खुर्चीवरून उठाल ना? आणि तुमची कंबर कशी आहे म्हणाले." ही माझी साखर!

इंजिनियरसाहेब तरुणपणी इथंच शिकलेले, आपली भाषा घरच्यासारखी बोलायचे. ते चमकले. "उठू, मावशी. पण त्यांना विचारा, लोकांनी बस म्हटल्यावर तुम्ही बसू द्याल का? की मागच्यासारखं खालून खुर्ची ओढाल आणि वर लोकशाहीवर भाषण द्याल?"

मी डावीकडे. "उठतील म्हणाले. तुम्ही तेवढी खुर्ची ओढू नका. आणि तुमच्या आईच्या तब्येतीची चौकशी केलीये."

राजदूतांचा कप बशीवर खाडकन आपटला. "माझी माता रुग्णालयात आहे, हे त्यांना कोणी सांगितले? आमच्यावर पाळत?"

तिकडे उजवीकडून आरडाओरडा. "माझ्या कंबरेचा फोटो परवाच काढलाय! डॉक्टरच्या कागदांपर्यंत पोहोचले हे लोक!"

दोन्ही दारं धाडकन उघडली. दोघं पॅसेजमध्ये समोरासमोर, मध्ये मी ट्रे घेऊन! आणि त्याच क्षणी अंगणातून माझा मुलगा आत आला, फोन कानाला. "हो साहेब, सगळं अगदी सुरळीत..." त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. फोन हातातून सुटला तो थेट माझ्या साखरेच्या भांड्यात.

"हेर!" "कारस्थानी!" असं सुरू झालं.

"गप्प बसा दोघंही!" मी ओरडले. "ते माझं होतं! या वयात कोणाला आईची काळजी नसते? आणि दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याची कंबर दुखणार नाही तर काय नाचणार?"

खरं सांगते, पोराची नोकरी माझ्या जिभेनं गेली असंच वाटलं. पण एक हात कमरेवर ठेवला की आतली भीती कोणाला दिसत नाही.

मग राजदूतांना धोरण आठवलं. ते गर्रकन भिंतीकडे वळले. "आमची भेट झालेली नाही."

"मीही कोणाला पाहिलं नाही," इंजिनियरसाहेबांनी दुसऱ्या भिंतीकडे तोंड केलं. आणि तिकडूनच म्हणाले, "मावशी, त्यांना विचारा, आई आता बऱ्या आहेत का?"

"बाई, त्यांना सांगावे, सुधारणा आहे. आणि कंबरेसाठी त्यांनी पोहावे."

चार हातांच्या अंतरावर उभे, पाठीला पाठ, आणि सगळं माझ्यामार्फत! अर्ध्या तासात दोन ओळी ठरल्या. हरले तर इंजिनियरसाहेब खुर्चीवरून उठणार, जिंकले तर राजदूतांचा देश मानणार. सह्या आपापल्या खोलीत झाल्या.

आठवड्यानं थोरला नाचतच स्वयंपाकघरात आला, हातात नेमणुकीचं पत्र. "आई, कायम झालो! अहवालात लिहिलंय, दोन्ही बाजूंची भेट झाली नाही, निरोप व्यवस्थापकांनी चोख पोहोचवले."

"आणि मी?"

"तुझं नाव घालता येत नाही गं. पण पुढच्या बैठकीसाठी तुझ्यासाठी सूचना लिहून आणल्यात." आणि दोन पानं माझ्यासमोर धरली!

मी हात पुसले, पानं घेतली, चुलीशेजारी ठेवली आणि म्हटलं, "नोकरी कायम झाली, बाळा. अक्कल अजून तात्पुरतीच आहे!"